मुलांच्या मूत्रपिंडाला मुका मार : जखम भरल्यानंतरची जबाबदारी

पोटाला, कुशीला किंवा कमरेला बाहेरून जोराचा आघात होतो, कातडी फाटत नाही, रक्तही वाहत नाही. परंतु आतील अवयव दुखावतो. बोलीभाषेत यालाच मुका मार म्हणतात. मुलांच्या मूत्रपिंडाला होणाऱ्या दुखापतींपैकी सुमारे ९० टक्के दुखापती अशा मुक्या माराच्या असतात. आधुनिक उपचारांमुळे यातील बहुसंख्य मुले शस्त्रक्रियेविना बरी होतात आणि काही दिवसांत घरी जातात. मात्र दुखावलेले मूत्रपिंड पुढील पाच, दहा किंवा वीस वर्षांत कसे काम करते, हा प्रश्न रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरच खऱ्या अर्थाने सुरू होतो. या काळात नियमित तपासणी झाली नाही, तर उच्च रक्तदाबासारखा दोष वर्षानुवर्षे लक्षात न येता राहू शकतो.

मुलांचे मूत्रपिंड अधिक असुरक्षित का?

मूत्रपिंडे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या फासळ्यांच्या आडोशाला असतात. प्रौढ व्यक्तीत त्यांच्याभोवती चरबीचे जाड आवरण आणि पोटाच्या बळकट स्नायूंचे संरक्षण असते. मुलांमध्ये हे आवरण पातळ असते, स्नायू कोवळे असतात आणि खालच्या फासळ्या पूर्णपणे कठीण झालेल्या नसतात. शिवाय शरीराच्या आकारमानाच्या तुलनेत मुलांचे मूत्रपिंड मोठे असते. त्यामुळे सायकलच्या हॅन्डलचा टोकदार मारही थेट मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या एकूण रक्ताचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. म्हणूनच मूत्रपिंड फाटल्यास रक्तस्राव मोठा होऊ शकतो. वीस किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात सुमारे दीड लिटर रक्त असते. प्रौढाला सहज सोसणारा रक्तस्राव अशा मुलाला धोकादायक ठरतो. मुलांचा रक्तदाब बराच रक्तस्राव होईपर्यंत टिकून राहतो आणि नंतर एकाएकी कोसळतो. रक्तदाब चांगला आहे, एवढ्यावरून दुखापत किरकोळ असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही तो याचमुळे. नाडीची वाढलेली गती, फिकटपणा आणि थंड पडलेले हातपाय ही अधिक आधीची चिन्हे आहेत.

जन्मजात दोष असलेले मूत्रपिंड तुलनेने हलक्या मारानेही फाटते. मूत्रनलिकेच्या तोंडाशी अडथळा येऊन फुगलेले मूत्रपिंड, दोन्ही मूत्रपिंडे जोडलेली असणे किंवा क्वचित प्रसंगी मूत्रपिंडातील गाठ, असे दोष अनेकदा अपघातानंतरच्या तपासणीतच प्रथम उघडकीस येतात. साध्या पडण्यानंतर लघवीतून बरेच रक्त गेल्यास डॉक्टर या शक्यतेचा विचार करतात.

गुरुग्रामसारख्या शहरातील चित्र

पूर्वी गुडगाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०१६ मध्ये गुरुग्राम असे नामांतर झालेल्या या शहरात मुलांना मुका मार बसण्याची सर्व परिचित कारणे एकत्र आढळतात. दिल्ली ते जयपूर या दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ शहराच्या मध्यातून जातो. दिल्ली-गुरुग्राम द्रुतगती मार्ग २००८ मध्ये वाहतुकीस खुला झाला, तर द्वारका द्रुतगती मार्गाच्या हरियाणातील भागाचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. वेगवान रस्त्यांच्या शेजारीच बहुमजली वसाहती उभ्या आहेत आणि नव्या इमारतींची बांधकामेही सुरू असतात. अशा बांधकामांच्या आवारात मजुरांची कुटुंबे मुलाबाळांसह राहतात. वाहनाची धडक, दुचाकीवरून फेकले जाणे, गच्ची, सज्जा किंवा अपूर्ण जिन्यावरून पडणे आणि सायकलवरून कोसळणे, ही मूत्रपिंडाला मार बसण्याची प्रमुख कारणे होत.

उपचारांच्या सोयीच्या दृष्टीने हा परिसर सुस्थितीत आहे. शहरात २००९ मध्ये सुरू झालेल्या मेदान्तासह अनेक मोठी खासगी रुग्णालये आहेत आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे जयप्रकाश नारायण अपघात उपचार केंद्र दिल्लीत आहे. अडचण वेगळीच आहे. गुरुग्राम हे बाहेरून आलेल्यांचे शहर आहे. कंपन्यांत बदलीवर येणारी कुटुंबे, त्यात मराठी कुटुंबेही आली, दोन-तीन वर्षांत दुसऱ्या शहरी जातात. बांधकाम मजूर काम संपताच गावी परततात. मूत्रपिंडाची दुखापत मात्र वर्षानुवर्षांचा पाठपुरावा मागते. मूल एका शहरात, कागदपत्रे दुसऱ्या शहरात आणि पूर्वीच्या अपघाताची कल्पना नसलेला डॉक्टर तिसऱ्या शहरात, अशी स्थिती सहज उद्भवते.

लक्षणे आणि पहिली तपासणी

लघवीतून रक्त जाणे, कुशीत दुखणे, कमरेवर वळ किंवा सूज येणे आणि उलट्या होणे ही प्रमुख लक्षणे आहेत. परंतु लघवीतील रक्ताचे प्रमाण आणि दुखापतीची तीव्रता यांचा सरळ संबंध नसतो. मूत्रपिंडाला साधा मार लागला तरी लघवी लाल होऊ शकते. उलट मुख्य धमनीत गुठळी होऊन मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तुटला, किंवा मूत्रनलिका मूत्रपिंडापासून निखळली, तर लघवी स्वच्छही दिसू शकते. भरधाव वाहन एकाएकी थांबल्यावर किंवा उंचावरून पडल्यावर मूत्रपिंडाला हिसका बसून धमनीचा आतील पापुद्रा फाटतो आणि तेथे गुठळी होते. म्हणून लघवीत रक्त नसले तरी आघात मोठा असल्यास तपासणी आवश्यक मानली जाते.

प्राथमिक तपासणीसाठी सोनोग्राफी उपयोगी आहे. मात्र दुखापतीची नेमकी खोली ठरवण्यासाठी शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन लागतो. मोठ्या दुखापतीची शंका असल्यास काही मिनिटांनी पुन्हा छायाचित्रे घेतली जातात. या अवधीत औषध लघवीत उतरलेले असते आणि लघवी मूत्रपिंडाबाहेर झिरपत असल्यास ते स्पष्ट दिसते.

दुखापतीच्या पाच श्रेणी

दुखापतीचे वर्गीकरण करण्यासाठी अमेरिकन असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमा या संस्थेने १९८९ मध्ये तयार केलेली आणि २०१८ मध्ये सुधारलेली पाच श्रेणींची पद्धत जगभर वापरली जाते. पहिल्या श्रेणीत मूत्रपिंडाला केवळ मार लागलेला असतो किंवा त्याच्या आवरणाखाली रक्त साकळलेले असते. दुसऱ्या श्रेणीत एक सेंटीमीटरपर्यंत, तर तिसऱ्या श्रेणीत त्याहून खोल चीर असते. मात्र लघवी साठणाऱ्या पोकळीला धक्का लागलेला नसतो. चौथ्या श्रेणीत चीर त्या पोकळीपर्यंत जाते किंवा मूत्रपिंडाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होतो. पाचव्या श्रेणीत मूत्रपिंडाचे तुकडे झालेले असतात किंवा ते मुख्य रक्तवाहिन्यांपासून तुटलेले असते. पुढील आयुष्यात मूत्रपिंड किती काम करील, याचा पहिला अंदाज याच श्रेणीवरून बांधला जातो. त्यामुळे सुटीच्या वेळी मिळणाऱ्या कागदावर श्रेणीची नोंद असणे महत्त्वाचे आहे.

शस्त्रक्रियेकडून संयमाकडे

एकेकाळी पोटात रक्तस्राव झाल्याचे दिसताच पोट उघडण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल असे. फाटलेले मूत्रपिंड शस्त्रक्रियेच्या वेळी काढून टाकावे लागण्याचे प्रमाणही त्यामुळे अधिक होते. ही दृष्टी बदलण्यास प्रथम प्लीहेच्या दुखापतींचा अनुभव कारणीभूत ठरला. कॅनडातील टोरोंटो येथील बालरुग्णालयातील अनुभवावर आधारित एक लेख १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. पी. उपाध्याय आणि जे. एस. सिम्पसन हे त्याचे लेखक होते. मुलांची फाटलेली प्लीहा शस्त्रक्रियेविना भरून येऊ शकते, या विचाराला त्या लेखाने बळ दिले. यातील उपाध्याय हे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालशल्यचिकित्सक म्हणून पुढे ख्यातनाम झाले. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन उपलब्ध झाल्यावर पोट न उघडता आतील जखम पाहणे शक्य झाले आणि हाच संयमाचा मार्ग यकृत व मूत्रपिंडासाठीही स्वीकारला गेला.

मुलांच्या मूत्रपिंडाच्या मुक्या मारासंबंधी अमेरिकेतील दोन अपघातशल्य संघटनांनी २०१९ मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रक्ताभिसरण स्थिर असलेल्या मुलांमध्ये गंभीर श्रेणीच्या दुखापतीतही शस्त्रक्रिया टाळावी, रक्तस्राव सुरू राहिल्यास रक्तवाहिनीतून सूक्ष्म नळी नेऊन फुटलेली वाहिनी बंद करण्याचा मार्ग निवडावा आणि पुढील काळात रक्तदाबाची नियमित तपासणी करावी, असा त्यांचा आशय आहे. लघवीची गळती अनेकदा आपोआप थांबते. न थांबल्यास मूत्रनलिकेत स्टेंट बसवला जातो.

घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे दक्षतेचे असतात. जखमी रक्तवाहिनीला फुगा येऊन तो नंतर फुटू शकतो. स्वच्छ झालेली लघवी पुन्हा लाल होणे, ताप येणे, कुशीतील दुखणे वाढणे किंवा मूल एकाएकी फिकट पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास तात्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.

कार्य किती उरते?

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या सर्व बाळ गर्भात असतानाच, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतात. जन्मानंतर नवी गाळणी तयार होत नाही. त्यामुळे माराने नष्ट झालेला भाग पुन्हा उगवत नाही. तेथे व्रण राहतो. उरलेल्या गाळण्या मात्र आकाराने वाढतात आणि अधिक काम करू लागतात. दुसरे मूत्रपिंड निरोगी असल्यास तेही मोठे होते. मुलांमध्ये ही भरपाईची क्षमता चांगली असते.

आतापर्यंतच्या अभ्यासांतून साधारण असे चित्र दिसते : पहिल्या तीन श्रेणींतील दुखापतीनंतर मूत्रपिंडाचे कार्य बहुधा पूर्ववत राहते. चौथ्या श्रेणीत व्रण राहून काही प्रमाणात कार्य घटते. पाचव्या श्रेणीत घट मोठी असते आणि मुख्य धमनी बंद पडलेली असल्यास मूत्रपिंड आक्रसून जवळजवळ निकामी होऊ शकते. दुसरे मूत्रपिंड निरोगी असेल, तर डायलिसिसची वेळ येणे दुर्मीळ आहे. हे अभ्यास बहुतांशी एकेका रुग्णालयातील थोड्या मुलांवर आधारलेले आणि मर्यादित कालावधीचे आहेत. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष आश्वासक असले, तरी त्यांवर विसंबून तपासणी सोडून देणे योग्य नाही.

दोन्ही मूत्रपिंडांत कामाची वाटणी कशी आहे, हे पाहण्यासाठी डीएमएसए स्कॅन केला जातो. किरणोत्सारी द्रव्याची अत्यल्प मात्रा शिरेतून दिली जाते आणि जिवंत, काम करणारा भाग तेवढा ते द्रव्य धरून ठेवतो. निरोगी स्थितीत प्रत्येक मूत्रपिंडाचा वाटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. सूज आणि साकळलेले रक्त ओसरल्यानंतर, म्हणजे तीन ते सहा महिन्यांनी केलेला स्कॅन कायमच्या हानीचे अधिक विश्वसनीय चित्र देतो. हा आकडा वाचताना एक बाब ध्यानात ठेवावी लागते. स्कॅन केवळ वाटा सांगतो. जखमी मूत्रपिंडाचा वाटा ३० टक्के आढळला, तर त्यात त्याची स्वतःची घट आणि दुसऱ्या मूत्रपिंडाची वाढ या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात.

क्रिएटिनिनच्या आकड्याची मर्यादा

अनेक पालक रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा पाहून निश्चिंत होतात. एक मूत्रपिंड निकामी झाले तरी दुसऱ्याने काम उचलल्यास हा आकडा सामान्य राहतो. त्याशिवाय क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होत असल्याने लहान मुलांत त्याचे प्रमाण मुळातच कमी असते आणि प्रौढांसाठी छापलेली मर्यादा मुलांना लागू पडत नाही.

यासाठी बालरोगतज्ज्ञ श्वार्ट्झ यांच्या २००९ मध्ये सुधारलेल्या सूत्राचा वापर करतात. मुलाची सेंटीमीटरमधील उंची ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनच्या आकड्याने भागली, की गाळण क्षमतेचा अंदाज मिळतो. १२० सेंटीमीटर उंचीच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.५ असेल, तर उत्तर सुमारे ९९ येते आणि ते समाधानकारक आहे. त्याच मुलाचे क्रिएटिनिन ०.९ असेल, तर उत्तर सुमारे ५५ येते. अनेक प्रयोगशाळांच्या कागदावर ०.९ हा आकडा निर्दोष म्हणून छापला जातो. या मुलाच्या बाबतीत मात्र गाळण क्षमता जवळपास निम्म्यावर आल्याचा तो इशारा असतो. म्हणून तपासणीच्या कागदावर मुलाची उंची नोंदवणे गरजेचे आहे.

उच्च रक्तदाब : न बोलणारा धोका

मूत्रपिंडाच्या दुखापतीनंतर थोड्याच मुलांत उच्च रक्तदाब आढळतो. परंतु तो दुर्लक्षित राहिल्यास निरोगी मूत्रपिंडासह हृदय आणि मेंदूवरही परिणाम करतो. त्यामागील यंत्रणा जुन्या प्रयोगांतून स्पष्ट झालेली आहे. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी अंशतः आवळली असता रक्तदाब वाढल्याचे दाखवले. अर्व्हिन पेज यांनी १९३९ मध्ये प्राण्यांच्या मूत्रपिंडाभोवती सेलोफेन गुंडाळले; त्याभोवती घट्ट आवरण तयार होऊन मूत्रपिंड दाबले गेले आणि रक्तदाब चढला. मार लागल्यानंतर आवरणाखाली साकळलेले रक्त असाच दाब निर्माण करू शकते. त्या अवस्थेला आजही पेज मूत्रपिंड असे म्हणतात. कमी रक्त मिळणारे मूत्रपिंड रेनिन हे संप्रेरक अधिक सोडते आणि त्यामुळे सर्व शरीराचा रक्तदाब वाढतो. हा दोष काही आठवड्यांत दिसू शकतो किंवा काही वर्षांनीही.

मुलांचा रक्तदाब वय, लिंग आणि उंची यांच्या कोष्टकाशी ताडून पाहावा लागतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१७ च्या निकषांनुसार १३ वर्षांवरील मुलांमध्ये १३०/८० किंवा त्याहून अधिक रक्तदाब उच्च मानला जातो. त्याखालील वयात ही मर्यादा आणखी खाली असते. मापनासाठी दंडाच्या मापाचा पट्टा हवा. पट्टा अरुंद असल्यास आकडा खोटा वाढतो, रुंद असल्यास खोटा घटतो. हे मापन प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. त्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही.

एकच मूत्रपिंड उरल्यास

एका मूत्रपिंडावर दीर्घ आयुष्य जगता येते, हे मूत्रपिंडदात्यांच्या अनुभवावरून सिद्ध झाले आहे. मात्र दाता प्रौढ असतो आणि कसून तपासलेला असतो. सहा वर्षांच्या मुलाला त्याच मूत्रपिंडावर सहा-सात दशके काढायची असतात. उरलेल्या गाळण्यांवर दीर्घकाळ अधिक भार पडल्यास त्या झिजू लागतात, असे मत बॅरी ब्रेनर यांनी १९८० च्या दशकात मांडले. लघवीतून प्रथिने जाऊ लागणे, हे या झिजेचे पहिले चिन्ह असते.

नेदरलँड्समधील किमोनो या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालपणापासून एकच कार्यक्षम मूत्रपिंड असलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांत उच्च रक्तदाब, लघवीतील प्रथिने, कार्यातील घट किंवा त्यावरील औषधाची गरज, यांपैकी काही ना काही आढळले. त्यातील अनेकांचा दोष जन्मजात होता. अपघातापूर्वी दोन्ही मूत्रपिंडे निरोगी असलेल्या मुलांची स्थिती त्याहून चांगली असणे अपेक्षित आहे; तरीही तपासणीची आवश्यकता त्यातून अधोरेखित होते. दोष वेळीच सापडल्यास उपाय आहेत. मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्या ३८५ युरोपीय मुलांच्या २००९ मधील अभ्यासात रक्तदाब काटेकोरपणे नियंत्रित ठेवल्यास विकाराची वाटचाल मंदावते, असे दिसून आले.

पाठपुरावा कसा असावा?

पहिल्या दोन श्रेणींच्या दुखापतीनंतर लघवी स्वच्छ होईपर्यंत तपासणी आणि त्यानंतर वर्षातून एकदा रक्तदाबाचे मापन बहुधा पुरेसे ठरते. तिसऱ्या श्रेणीपासून पुढे काही आठवड्यांनी सोनोग्राफी, पहिल्या वर्षात अनेकदा रक्तदाबाचे मापन आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी सुचवली जाते. चौथ्या आणि पाचव्या श्रेणीत तीन ते सहा महिन्यांनी डीएमएसए स्कॅनचा विचार होतो. त्यानंतर वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांची तपासणी मूल प्रौढ होईपर्यंत आणि नंतरही सुरू ठेवणे हितावह असते. नेमके वेळापत्रक उपचार करणारे डॉक्टर ठरवतात.

शहर बदलणाऱ्या कुटुंबांनी सुटीचा कागद, दुखापतीची श्रेणी, सीटी स्कॅनची चकती आणि रक्तदाबाच्या नोंदी एका धारिकेत सोबत ठेवणे उपयुक्त ठरते. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या आरोग्य खात्यातही अशा नोंदी जोडता येतात. मुलगी असल्यास पुढे गर्भारपणात ही माहिती डॉक्टरांना देणे विशेष महत्त्वाचे आहे. कारण त्या काळात मूत्रपिंडांवरील भार वाढतो.

अशा मुलांना वेदनाशामक औषधे, विशेषतः आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक, डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नयेत. घटक माहीत नसलेली भस्मे आणि चूर्णे टाळावीत. मीठ बेताचे, पाणी पुरेसे आणि वजन आटोक्यात, हे नियम सर्वांसाठीच हिताचे. या मुलांसाठी ते अधिक आवश्यक आहेत.

खेळावर कायमची बंदी घालण्याची प्रथा आता मागे पडली आहे. लघवी स्वच्छ झाल्यावर आणि जखम भरल्यावर, दुखापतीच्या श्रेणीनुसार काही आठवडे ते काही महिन्यांनी मूल मैदानावर परतू शकते. खेळांमुळे होणाऱ्या मूत्रपिंडाच्या दुखापतींत संघर्षाच्या सांघिक खेळांपेक्षा सायकलचा वाटा अधिक असल्याचे अमेरिकेतील नोंदींतून दिसले आहे. एकच मूत्रपिंड असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र खेळाची निवड डॉक्टरांशी बोलून करणे योग्य असते.

प्रतिबंध आणि मदतीच्या तरतुदी

दुचाकीवरील चार वर्षांखालील मुलांसाठी सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा बंधनकारक करणारे नियम केंद्र शासनाने २०२२ मध्ये अधिसूचित केले आणि ते फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाले. हेल्मेट डोक्याचे रक्षण करते. मूल दुचाकीवरून फेकले जाण्यापासून मात्र पट्टाच वाचवतो. मोटारीत मागील आसनावरील मुलांनाही वयानुरूप आसन आणि पट्टा आवश्यक आहे. गच्चीला पुरेसा उंच कठडा, खिडक्यांना जाळी आणि बांधकामाच्या ठिकाणी मुलांसाठी वेगळी सुरक्षित जागा, या उपायांनी पडण्याचे अनेक प्रसंग टळू शकतात.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे. ११२ हा देशभराचा आपत्कालीन क्रमांक आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येकी दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचार मिळण्याची तरतूद आहे. प्राण वाचवण्याच्या दृष्टीने हे सात दिवस निर्णायक असतात. त्यानंतरच्या वर्षांसाठी लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत : वर्षातून एकदा रक्तदाबाचे मापन, लघवीची साधी तपासणी आणि जपून ठेवलेली कागदपत्रे. खर्च अल्प असूनही मूल हसते-खेळते दिसू लागताच सर्वप्रथम याच तपासण्यांचा विसर पडतो. त्या चुकू न देण्याची जबाबदारी पालकांबरोबरच उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरावर आहे.